पलंगाखालची चादर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. माझ्या सख्ख्या मावशीवर हा प्रसंग ओढवला, आणि तोही भर दुपारी, डोळ्यांच्या हॉस्पिटलमधल्या कोपऱ्यातल्या खोलीत.

मावशीची लेक ठकू आठ वर्षांची. तिचा एक डोळा जन्मापासूनच अधू. दुसरा धडधाकट होता, त्यावर बॅडमिंटन खेळताना शटल बसलं आणि आतला पडदा सुटला.

म्हणजे बघायला होता तो एकच डोळा, आणि तोच धोक्यात.

सर्जनबाईंनी ऑपरेशन करून पडदा जागेवर बसवला. डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला आणि मावशीला बजावलं, "बुडबुडा वर चढतो आणि पडद्याला दाबून धरतो. म्हणून हिने पालथंच राहायचं. मान वर करून राहिली, तर पडदा पुन्हा सुटेल. मग माझ्या हातात फारसं काही उरणार नाही."

ठकू म्हणजे पायाला भिंगरी लावलेलं कार्टं. तिला पालथी ठेवणार कशी?

पलंगाला उशाशी चेहऱ्यापुरतं भोक होतं. त्यात तोंड घालून ती पडायची. मावशीने शक्कल लढवली. पलंगाखाली चादर अंथरून, तिथे उताणी पडून ती लेकीला गोष्टी सांगू लागली.

"लेक वर आणि आई खाली! उलटाच कारभार तुमचा," नर्स हसायची.

एका दुपारी मावशी पाणी भरून आली, तर ठकू खाली तोंड करून कुजबुजत होती...

"कोणाशी बोलतेस गं?"

"खालच्या मुलीशी."

मावशीने वाकून पाहिलं. खाली कोणी नव्हतं.

"तिच्या भुवईत तीळ आहे," ठकू म्हणाली. "आणि एका डोळ्याच्या पापण्या चिकटल्यात. मी मोजत होते."

कंटाळलंय पोर, मनाचे खेळ करतंय, असं मावशीने स्वतःला समजावलं.

सकाळी सर्जनबाई तपासायला आल्या. ठकूने तक्रार केली, "आई खाली झोपते, पण मला दिसतच नाही. सगळं पाण्यातून बघितल्यासारखं."

"गॅस आहे तोवर असंच राहणार," बाई म्हणाल्या. "अगदी डोळ्याजवळ, बोटभर अंतरावर काही आणलंस, तर तेवढं स्पष्ट दिसेल."

बोटभर अंतरावर.

मावशीला आदली दुपार आठवली. ठकूने तर पापण्या मोजल्या होत्या...

त्याच दुपारी ती बाहेरच्या बेसिनवर कप विसळत होती. तेवढ्यात खोलीतून आवाज आला...

"ठकू, वर बघ गं. बघ मी काय आणलंय."

आवाज मावशीचाच होता.

कप तिथेच टाकून ती धावली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ठकूने चेहरा भोकात गच्च दाबला होता आणि पलंगाच्या कडा दोन्ही हातांनी आवळून धरल्या होत्या.

"ठकू!"

"जा! तू आई नाहीस!"

"अगं मीच आहे, राणी..."

"मग खाली ये. खालची मुलगी म्हणाली, आई असेल तर खाली येईल. आईच्या आवाजात हाक आली तरी वर बघू नकोस म्हणाली." ठकू हुंदके देत होती. "ती स्वतः अशाच हाकेला फसून वर बघून बसली होती."

मावशी नंतर मला म्हणाली, "खोटं कशाला सांगू, पाय उचलत नव्हता. पण पोर रडत होती, आणि रडता रडता मान वर केली असती तर?"

ती पलंगाखाली सरकली.

चादर गरम होती... नुकतंच कोणी निजून सरकल्यासारखी.

मावशीने कोपरांवर रेलून चेहरा वर नेला, लेकीच्या डोळ्याला टेकेल इतका जवळ.

"आई," ठकू म्हणाली आणि शांत झाली.

मावशीच्या कानाशी कोणीतरी हळूच श्वास सोडला...

तिने मान वळवली नाही.

आता ठकू घरी आली आहे. पडदा जागेवर आहे, पण बुडबुडा अजून पुरता विरलेला नाही, म्हणून घरीही तसाच भोकाचा पलंग आणून ती पालथीच पडते. परवा मावशी औषधं घेऊन परतली, तेव्हा ठकू म्हणाली, "आई, मघाशी मला वर बघ का म्हणालीस?"

मावशीने विचारलं, "बघितलंस?"

"नाही. पण आई, इथे खाली कोणीच नाही गं सांगायला."

तेव्हापासून मावशी घरातसुद्धा पलंगाखालीच झोपते. हॉस्पिटलमधली तीच चादर अंथरते आणि एका कडेला अंग चोरून पडते.

दुसऱ्या कडेला एका लहान मुलीपुरती जागा सोडून.