झोताच्या मधला डाग

ही गोष्ट खोटी आहे असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत बसत नाही. त्याला सरळ सुमंतकाकाच्या घरी घेऊन जातो. काकाचा जबडा एका बाजूला वाकडा आहे. तो बघितला की माणूस आपोआप गप्प होतो.

साल १९९८. हुबळीतलं केशवापूर. दिवाळी होऊन आठवडा झाला होता.

सुमंत म्हणजे माझा धाकटा काका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. घरी आला की हातात पकड आणि सोल्डरिंगची सळई. हौसेला मोल नसतं म्हणतात, काकाच्या हौसेला वेळकाळही नव्हता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि हा गडी बायकोला सोडून तारांशी संसार करायचा.

त्या वर्षी त्याला टॉर्चचं वेड लागलं. दुकानातला नाही, स्वतः केलेला. ट्रकच्या हेडलाइटची चकचकीत वाटी, शंभर वॅटचा हॅलोजन बल्ब, खांद्यावरच्या पिशवीत मोटारसायकलची बॅटरी. बल्ब मागेपुढे सरकवायला एक स्क्रू. बल्ब नेमक्या जागी बसला नाही, तर झोताच्या मधोमध काळा डाग पडतो. असले टॉर्च करणाऱ्या प्रत्येकाला हा डाग छळतो.

त्या दिवशी संध्याकाळीच वीज गेली. सगळा मोहल्ला करवादला, काका तेवढा खूश.

"आधी दोरीवरचे कपडे काढू द्या की," नेत्राकाकू म्हणाली. "मग पाडा काय पाडायचा तो उजेड."

"दोन मिनिटं थांब गं. अंधार आहे तोवर बघून घेतो."

काकू हसून आत गेली.

परसामागे मोकळं मैदान होतं, आणि मैदानापलीकडे कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीची लांबलचक भिंत. काकाने झोत त्या भिंतीवर टाकला. विटा मोजता येतील इतका लख्ख उजेड.

आणि मधोमध... काळा डाग.

काकाने स्क्रू फिरवला. उजेडाचं वर्तुळ मोठं झालं, लहान झालं.

डाग तेवढाच राहिला.

त्याने काच पुसली. डाग होताच. मग झोत जवळच्या न्हाणीच्या भिंतीवर टाकला. तिथे स्वच्छ, पांढराशुभ्र उजेड. पुन्हा फॅक्टरीच्या भिंतीवर टाकला...

डाग तिथेच होता. माणसाएवढा.

काकाने टॉर्च हळूच डावीकडे वळवला. उजेड सरकला, डाग मागे राहिला.

मग तो चालत चालत उजेडाच्या मधोमध आला.

गल्लीतली कुत्री मघापासून भुंकत होती. ती गप्प झाली. रातकिडेही थांबले. काका सांगतो, आपल्या स्वतःच्या श्वासाचा आवाज त्याला नकोसा झाला.

"यार्री अदु? लाइट बंद माडरी!"

कोण आहे, लाइट बंद करा, असं कानडीत ओरडणारा फॅक्टरीचा वॉचमन होता, परशुराम. डोळ्यांवर हात धरून, काठी टेकत तो उजेडात आला.

"नानरी, परशुरामअण्णा! मी, सुमंत!" काका ओरडला.

परशुराम नेमका झोताच्या मधोमध आला.

धप्प.

तो कमरेत दुमडला. उठायच्या आत त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा... दोनदा. काठी कुठल्या कुठे उडाली. मग त्याचा हात मागे वळला. वळतच राहिला. हाड मोडल्याचा आवाज मैदान ओलांडून काकापर्यंत आला.

मारणारं कुणीच नव्हतं. उजेडात परशुराम होता, आणि तो काळा डाग.

काकाने घाबरून झोत बाजूला ओढला. तसा मार थांबला. अंधारात परशुराम कण्हत होता.

थोड्या वेळाने तेही थांबलं.

काकाला आता कळलं. झोताच्या मधोमध जे येईल त्याला ते मारतं. आणि डाग आता भिंतीवर नव्हता. तो मैदानात उतरला होता. मोठा होत होता...

इकडे येत होता.

काकाने टॉर्च बंद केला.

अंधार. वाळक्या पाल्यावर पावलं वाजली. कुंपणापाशी आली. कुंपणाच्या आत आली.

थांबली.

"अहो... लाइट लावा."

नेत्राकाकूचा आवाज. कपड्यांच्या दोरीपाशी. ती केव्हा बाहेर आली, काकाला पत्ताच नव्हता.

"माझा हात कुणीतरी धरलाय. लाइट लावा लवकर."

बायको अंधारातून हाक मारते तेव्हा माणूस काय करेल? काकाने टॉर्च आवाजाकडे रोखला. अंगठा बटणावर ठेवला.

आणि तिथेच त्याला परशुरामचा वळत जाणारा हात आठवला.

उजेड पाडला तर तो तिच्यावर पडणार. नाही पाडला तर ती त्याच्या हातात.

काकाने टॉर्च उलटा धरला. काच स्वतःच्या छातीकडे केली.

"तिला सोड," तो म्हणाला. "इकडे ये."

आणि बटण दाबलं.

पहिला फटका जबड्यावर बसला. दात तोंडात मोकळे झाले. दुसरा बरगड्यांवर, तिसरा त्याच जागी. काका गुडघ्यांवर कोसळला, पण टॉर्च त्याने दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला होता. हात सुटला असता तर झोत काकूवर गेला असता. पाठीत फटका बसला. मग पोटात. रक्ताने घसा भरला. तरी त्याने टॉर्च सोडला नाही.

काकू धावत आली आणि तिने पिशवीतली तार हिसडून तोडली.

उजेड गेला. मार थांबला.

वीज आली तेव्हा शेजारी जमले. काकाला दवाखान्यात नेलं. काकूचं मनगट मोडलं होतं. परशुराम भिंतीखाली मेलेला सापडला. चोरांचं काम, असं पोलीस म्हणाले. फॅक्टरीतलं काहीच चोरीला गेलेलं नव्हतं, आणि ते चोर आजवर मिळालेले नाहीत.

पुढे काका-काकू धारवाडला राहायला गेले. काका आता साधी मेणबत्ती लावतो, टॉर्चला हात लावत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी काकूपाशी हा विषय निघाला. काका बाजारात गेला होता.

मी म्हणालो, "काकू, तू वेळेवर हाक मारलीस म्हणून वाचलीस."



"मी हाक मारलीच नव्हती रे," ती म्हणाली. "तोंडावर हात दाबला होता त्यानं. मला श्वाससुद्धा घेता येत नव्हता."

काकाला हे माहीत आहे का, असं मी विचारलं.

"नाही. आणि तू सांगू नकोस. आजही वीज गेली की मी तोंड गच्च मिटून बसते. एक शब्द काढत नाही." ती दाराकडे बघत म्हणाली. "तरी तुझे काका अंधारातून उत्तर देतात, थांब गं, लावतो."

हे मी काकाला अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, तेच मला कळत नाही.