कुंची घातलेला वरवंटा

मयुरीला हात दोन होते आणि कामं चार हातांची. आंजीत एसटीच्या थांब्यापासून हाकेच्या अंतरावर तिचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. पीकविमा, आधार, उत्पन्नाचा दाखला, काय म्हणाल ते. दुकानामागे भाड्याच्या दोन खोल्या. नवरा विवेक राजस्थानात सोलरच्या कामावर. दिवाळीशिवाय त्याचं तोंड दिसायचं ते मोबाइलमध्येच. आई होती, ती तीन वर्षांपूर्वी गेली. आता पोर कडेवर घेतली तर कीबोर्ड कुणी चालवायचा, हे तिचं तिनंच बघायचं होतं.

सासूबाईंनी, म्हणजे अन्नपूर्णाबाईंनी, त्यावरचा तोडगा सव्वा महिन्याच्या बारशालाच सांगून टाकला होता. "पोरीले इथंच आर्वीले राहू दे. तू तिकडं एकटी, काय काय करशीन?"

पोरीला मयुरीनं आपल्या आईचं नाव दिलं होतं, जया. आई गेल्यापासून त्या दोन खोल्यांत संध्याकाळी दिवा लावला की तिला रडूच यायचं. आता कुठं आपलं म्हणावं असं कुणी आलं होतं, आणि तेही ठेवून जायचं? ती हट्टाला पेटली. शेवटी तडजोड झाली.

"वजन वाढलं तं तुह्यापाशी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "नाई वाढलं तं मी येऊन घेऊन जाईन. मंग मले काई बोलू नको."

आता बारशाला पाळण्यात पहिला मान बाळाचा नसतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाट्यावरचा वरवंटा धुऊन पुसून त्याला कुंची घालायची, काजळाचं बोट लावायचं, आणि बायकांनी तो पाळण्याखालून, पाळण्यावरून एकमेकींकडे द्यायचा. लेकरू तसंच टणक निघावं म्हणून. मयुरीच्या हातात आधी वरवंटा आला, मग जया आली. आणि बाकीच्या बायका हसत-खिदळत असताना हिच्या डोक्यात काय यावं? तर दोघांचं वजन अगदी सारखं आहे.

त्याला कारण होतं. बाळ अंगाला बांधायच्या तीन झोळ्या तिनं मागवून ठेवल्या होत्या. हात मोकळे राहतात, बाळ छातीशी राहतं. पण मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या बाईनं बजावलं होतं की आधी तेवढ्याच वजनाची वस्तू बांधून बघा, चाला, वाका, आणि मगच बाळ ठेवा. मयुरी शिकलेली, सगळं पडताळून बघणारी. तांदळाच्या थैलीला ना डोकं ना पाय. तिनं तो वरवंटा कुंचीसकट बॅगेत घातला. चार दिवसांनी परत आणून देऊ, त्यात काय! पाहुण्यांच्या गडबडीत सासूबाईंना विचारायचं राहूनच गेलं.

आंजीत दुपारी दुकान ओस पडायचं. जया आत पाळण्यात झोपलेली असायची, आणि मयुरी एकेक झोळी बांधून बघायची. पहिली बक्कलांची, जाड गादीची. तिच्यात वरवंटा एका बाजूला कलंडला. दुसरी खांद्यावर कड्या असलेली. तिनं मान भरून आली. तिसरी म्हणजे नुसतं पाच मीटर सुती कापड. पाठीवर फुली पाडायची, कमरेला वेढा द्यायचा, पुढं गाठ. वरवंटा त्यात जो बसला तो बसलाच. वाकलं तरी हलेना. मयुरीनं तसंच बसून दोन फॉर्म भरले.

तिसऱ्या दिवशी बंडूजी विम्याचं विचारायला आले. म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी टेबलावरून वाकून कुंचीत डोकावलं.

"झोपलं वाटते लेकरू."

"हो," मयुरी म्हणाली. आता म्हाताऱ्याला काय समजावत बसायचं?

"आपल्याकडंच पाहून राह्यलं की वं," जाता जाता बंडूजी म्हणाले. मयुरी खूप हसली. मग तिच्या लक्षात आलं की मघापासून आपण खुर्चीत डुलतो आहोत आणि वरवंट्याची पाठ थोपटतो आहोत.

लाज वाटली तिला. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं. छातीवर तेवढा भार असला की दुपार खायला उठत नव्हती.

झोळी ठरली. तिनं जयाला तिच्यात ठेवलं, आणि पोरीनं असा टाहो फोडला की समोरच्या अंगणवाडीतून मंदाबाई धावत आल्या. जया लाकडासारखी ताठ झाली होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. कापड नवं आहे, जरा मऊ पडू दे, असा विचार करून मयुरीनं पुन्हा वरवंटाच बांधला. चाराचे आठ दिवस झाले, आठाचे पंधरा.

एका दुपारी गाठ सोडताना कापड ओलसर लागलं. वरवंट्याचं टोक जिथं टेकायचं तिथं रुपयाएवढा डाग, दुधाचा आंबूस वास. आपलंच दूध पाझरलं असेल, ती म्हणाली. वरवंटा गरम होता. तो आपल्या अंगाचा उबारा.

टेबलावर ठेवला तरी तो संध्याकाळपर्यंत गरमच राहिला.

पंधरवड्यानं मंदाबाईंनी जयाला अंगणवाडीच्या टांगत्या काट्याला लावलं. आंजीला आली तेव्हा तीन किलो आठशे होती. काटा तीन किलो आठशेवरच थांबला.

"पेते ना वं पोरगी?" मंदाबाईंनी विचारलं.

"पेते ना. घटाघटा पेते."

"मंग जाते कुठं?" मंदाबाईंनी काटा ठोकून पाहिला, दुसऱ्या एका लेकराला टांगून पाहिलं. काटा बरोबर होता. "तुह्या सासूचा सकाळीच फोन आलता मले, वजन विचाराले. दोन दिवस थांबतो म्हणलं सांगाले. पण खोटं नाई सांगणार बाप्पा मी."

दोन दिवस! मयुरीनं जयाकडं पाहिलं. पोर शांत होती, हातापायांनी बारीक, आणि डोळे एकटक मयुरीच्या झोळीकडं लागलेले. झोळीत वरवंटा होता. इथं येतानाही तो आपण बांधून आलो, हे मयुरीला तेव्हा कळलं.

मंदाबाई खिचडी वाढायला आत गेल्या.

मयुरीनं जयाला सतरंजीवर ठेवलं. गाठ सोडली. वरवंटा काट्याला लावला.

चार किलो सहाशे.

तिनं तो काढला, काटा शून्यावर आलेला बघितला, आणि पुन्हा लावला. चार किलो सहाशे. काटा थरथरत होता. जिवंत लेकरू टांगलं की थरथरतो तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्याच एसटीनं ती आर्वीला निघाली. मांडीवर जया, झोळीत वरवंटा. तो बॅगेत घालायला तिचा हात धजावला नाही. खरांगण्याला एक बाई शेजारी येऊन बसली, दोन्ही कुंच्यांकडं पाहून गोड हसली.

"जुळे व्हय का वं?"

मयुरी खिडकीबाहेर बघत राहिली.

अन्नपूर्णाबाईंनी दारातच तिच्या हातून जयाला घेतलं, आणि मग त्यांची नजर झोळीवर गेली.

"हा वरवंटा तुह्यापाशी आहे? अन् मी घरभर हुडकून राह्यली! काऊन नेलता?"

मयुरीनं सांगितलं. वजनाचं सोडून सगळं सांगितलं.

"अवं, बारशाचा वरवंटा असा ठेवत नाईत," सासूबाईंचा आवाज उतरला. "त्याची कुंची काढाची, अन् त्याच दिवशी त्याच्यानं कायतरी वाटाचं. चटणी म्हण, मसाला म्हण. त्याले समजलं पायजे का तू दगड आहेस, तुह्यं काम झालं. तू याच्यानं काई वाटलं नाई?"

"माह्याकडं मिक्सर आहे, आई."

अन्नपूर्णाबाईंनी जयाला खाटेवर निजवलं. मयुरीनं वरवंटा सोडून तिच्याशेजारी ठेवला. सासूबाईंनी त्याची कुंची ओढून काढली. आत नुसता काळा दगड. काजळाचं बोट मात्र आत्ताच लावल्यासारखं ओलं होतं.

लसूण, लाल मिरची, मीठ पाट्यावर आलं. वरवंटा खाली टेकला आणि खण्ण वाजला. साधा दगडाचा आवाज. मयुरीनं सुटकेचा श्वास टाकला.

सासूबाई वाटू लागल्या.

खाटेवर जयानं एकदा तोंड उघडलं. आवाज आला नाही. मग तिनं तोंड मिटलं आणि ती झोपली.

"हलका लागून राह्यला हा," वाटता वाटता अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आत्ता उचलला तेव्हा असा हलका नव्हता."

मयुरीनं जयाला उचललं. तिचे हात खाली गेले.

पोर जड होती.

वरवंटा पाट्यावरच राहिला; परत जाताना तिनं जयाला झोळीत बांधलं. जया रडली नाही, ताठ झाली नाही. जी बसली ती बसलीच.

आंजीला उतरल्या उतरल्या ती सरळ अंगणवाडीत गेली. मंदाबाईंनी काटा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "चार किलो सहाशे! माय वं! काल काट्याची झोळी कुठं अडकली होती का काय? थांब, मीच लावतो तुह्या सासूले फोन." त्यांनी तिथूनच फोन लावला आणि हसत हसत मयुरीच्या हातात दिला.

"ठेव मंग तुह्यापाशी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द. मी नाई नेत आता तिले."

मयुरीला रडूच फुटलं. जया आपली होती. संध्याकाळी दिवा लावताना खोलीत दोघी असणार होत्या, रोज, कुणी नेणार नव्हतं.

"अन् ऐक," सासूबाई सांगत होत्या. "त्या वरवंट्यानं चटणी बारीकच नाई झाली पाय. मऊ पडला वाटते. टाकी लावणाऱ्याले सांगून ठेवलं, उद्या सकाळी येते तो. छन्नीचे चार ठोके बसले का होते बरोबर."

मयुरीनं मान खाली घालून जयाच्या टाळूवर ओठ टेकवले.

लसणाचा वास आला. लसणाचा आणि लाल मिरचीचा.

"आयकलं का वं, मयुरी?"

आर्वीला जाणारी एसटी समोर थांब्यावर उभी होती. कंडक्टर चहा पीत होता. अजून पाच मिनिटं तरी ती हलणार नव्हती.

झोळीतून दोन काळे डोळे तिच्याकडं बघत होते. ऊब छातीभर पसरली होती.

"बरं, आई," मयुरी म्हणाली, आणि तिनं झोळीची गाठ आणखी घट्ट केली.