तीन मिनिटांचा धडा

मानोऱ्याला जाणाऱ्या जीपमध्ये सरिता खिडकीशी अंग चोरून बसली होती. शेजारच्या तरुणाच्या मांडीवर भलीमोठी काळी बॅग होती, आणि प्रत्येक खड्ड्याला ती बॅग तिच्या कोपराला लागत होती.

"माफ करा हं," तो चौथ्यांदा म्हणाला. "मास्तरायच्या ट्रेनिंगले चालल्या का मॅडम?"

"हो ना बाप्पा! पाच दिवस. थे तंत्रस्नेही सर येतीन, पडदा लावतीन, अन् आपण मागं बसून डुलक्या घ्याच्या."

"मले बी येतात डुलक्या," तो गंभीरपणे म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

तासाभरानं त्याच तरुणानं सभागृहात तीच बॅग उघडली, प्रोजेक्टर काढला आणि आपलं नाव सांगितलं — नवीन राठोड. सरितानं हजेरीचा कागद तोंडापुढे धरला.

तिसऱ्या दिवशी मात्र तिला राहवेना. इंटरनेटवरचे धडे वर्गात कसे दाखवायचे, हे तो समजावत असताना ती उभी राहिली.

"सर, माही शाळा तांड्यावर आहे. दिवाळी झाली की तेवीसपैकी अकरा लेकरं मायबापासंगं ऊसतोडीले जातात. मार्चमधी येतात तवा अक्षरं विसरलेली राह्यतात. मी पडदा लावू कोणासाठी?"

मागे कुणीतरी हसलं. नवीन हसला नाही.

"याचं उत्तर मले आज येत नाही मॅडम," तो हळूच म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. "मी बी गेलतो ऊसतोडीले. दुसरीत अन् तिसरीत. आमच्या भागवत गुरुजींनी पटावरचं नाव कटू नाही दिलं. आलो की संध्याकाळी घरी बसवून शिकवत. नाहीतर आज माह्या हातात कोयताच असता..."

सरितानं आपल्या डब्यातली भाकरी त्याच्यापुढे सरकवली.

"पडदा राहू द्या," तो पुढे म्हणाला. "तांड्यातल्या बायांपाशी फोन आहेत ना? धडा फोनवर पाठवू. छोटा, तीन मिनिटांचा. तुमच्याच आवाजात."

त्या दुपारी जिन्याखालच्या शांत कोपऱ्यात तिनं पहिला धडा फोनमध्ये बोलून भरला. आवाज थरथरला, मग हसू फुटलं, मग जमलं.

"अजून एक बार," नवीन म्हणाला.

"कायले? चांगला तर आला."

"चांगला आला... म्हणूनच."

तिनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

प्रशिक्षण संपलं, दिवाळी झाली, तांडा अर्धा रिकामा झाला. रोज सकाळी सरिता शाळेतल्या मुलांना बसवून धडा भरायची आणि अकरा घरांना पाठवायची. बारावा नवीनला. तो रोज काहीतरी सुचवायचा — चित्र टाका, हळू बोला, मुलांची नावं घ्या. कधी नुसतंच लिहायचा, 'ऐकला.' त्या एका शब्दावर तिचा दिवस निघायचा.

जानेवारीत उसाच्या फडातून रुपाबाईचा आवाजी निरोप आला. तिची शीला, दुसरीतली, अडखळत, श्वास घेत, अख्खा धडा वाचत होती. मागे ट्रॅक्टरचा आवाज. शेवटी रुपाबाई म्हणाली, "मॅडम, माही पोरगी वाचून राह्यली!"

सरिता रडली. मग तिनं तो निरोप नवीनला पाठवला.

उत्तर आलं नाही. दिवसभर नाही. 'आपण त्याला जास्तच जवळचं समजलो...' ती स्वतःवरच चिडली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तो व्हरांड्यात उभा होता.

"फोनवर सांगता येत नव्हतं," तो म्हणाला. "शीलाचं वाचन मायले ऐकवलं. ती पदर डोळ्याले लावून बसली. तिच्या पोराले, म्हंजे मले, फडावर असा धडा कोणी पाठवला नव्हता न... मंग म्हणे, ही मास्तरीण कोण आहे?"

"मंग तुमी काय सांगितलं?"

"म्हटलं... तिलेच विचारून सांगतो."

सरितानं वर्गाचं दार ओढून कुलूप लावलं. नवीन चपलेकडे पाहत राहिला.

"माह्या बाबाले पटवाले वेळ लागन," ती म्हणाली. "जातीचं निघन."

"लागू द्या. मी येतो बोलाले. एकदा, दहादा."

"तुमच्यामुळं माही लेकरं माह्यापाशी राह्यली, सर. हे उपकार..."

"सर नका म्हणू. अन् उपकार तर मुळीच नाही."

ती हसली. डोळे भरून आले होते, पण आवाज धड्यासारखा स्वच्छ होता.

"मंग मायले सांगा, नवीन... सून आहे म्हणा."