कमानीचा मधला दगड

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात पाऊस पडत नाही, तो मुक्कामालाच असतो. त्या दुपारीही होता... आणि गावाबाहेरच्या पडक्या चॅपलमध्ये आमच्या एनोराची शेळी एका अनोळखी तरुणाचा नकाशा चवीने खात होती.

"अहो, ती सरकारी मालमत्ता आहे!"

"कोण, शेळी?"

तो हसला. तिथेच सगळं बिघडलं.

त्याचं नाव गुलवेन. वारसा जपणाऱ्या खात्याचा माणूस. छप्पर गेलं, घंटा गेली, संतसुद्धा गेले. तेव्हा खातं अगदी वेळेवर पोचलं म्हणायचं.

मग तो रोज भिंती मोजू लागला आणि एनोराच्या शेळ्यांना नेमकं तिथलंच गवत आवडू लागलं. ओल्या वेलींतून हिरवा उजेड झिरपायचा, समुद्राचं धुकं बिनछपराच्या गाभाऱ्यात उतरायचं, दोघं लोणी माखलेलं कुट्टूचं धिरडं अर्धं-अर्धं खायची. भिंत तीच, पण माप रोज नव्याने घ्यावं लागे.

एके दिवशी तो कमानीखाली थबकला.

"हिचा मधला दगडच नाही. वेलीने धरलीय म्हणून उभी आहे. दगड असता तर उन्हाळाभर थांबून बसवली असती. आता... सोमवारी टेकू लावायचा आणि निघायचं."

"कुठे?"

"दुसऱ्या चॅपलला. तिथे शेळ्या नाहीत म्हणे."

दगड कुठे आहे, ते एनोराला ठाऊक होतं. आमच्या निम्म्या घरांत चॅपलचे दगड आहेत. आम्ही त्याला चोरी म्हणत नाही, शेजारधर्म म्हणतो. खात्याला सांगायचं नाही, हा एकच नियम अख्खा गाव पाळतो. मोडणाऱ्याशी कुणी बोलत नाही.

रविवारी तो निरोप घ्यायला तिच्या दारात आला.

"पाय काढा," ती म्हणाली.

"का?"

"तुमच्या कमानीवर उभे आहात."

दोघांनी पहार घालून पायरी उलटली. दगडाच्या खालच्या अंगाला कोरलेला गोबऱ्या गालांचा देवदूत — इतकी वर्षं मातीत तोंड खुपसून पडलेला. भुरभुर पाऊस त्याचा चेहरा धुऊ लागला.

"एनोरा... हे मला कळवावं लागेल. गाव बोलणं टाकेल तुझ्याशी."

"टाकू दे. एक माणूस बोलत राहिला, तरी पुरे आहे मला."

त्याने उलटलेल्या दगडाकडे पाहिलं, मग उंच राहिलेल्या उंबऱ्याकडे.

"पण आता तुझ्या दाराला पायरी नाही," तो म्हणाला.

"हो ना. चढताना कुणीतरी हात द्यायला हवा..."

त्याने दिला.

उन्हाळा सरता सरता कमान बसली आणि आम्हीही बोलू लागलो. पायरी अजून बसलेली नाही. गुलवेन म्हणतो, घाई नको, मोजमाप चालू आहे.