अंगठ्याची गोष्ट

"अत्ते, हात दाखव ना सगळ्यांना!" पवित्रा म्हणाली, आणि उत्तराची वाटही न पाहता तिनं कृष्णाबाईंच्या हातातलं केसरीभाताचं पातेलं काढून घेतलं, त्यांचा डावा हात धरून वर केला आणि... मनगटापाशी बाहेरच्या अंगाला वाकलेला तो हात दिवाणखान्यातल्या सगळ्या पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर आला!

हशा पिकला. दर दसऱ्यातल्या आयुधपूजेला पिकायचा, तसाच.

गोष्ट सांगत होता गिरीराज, कृष्णाबाईंचा धाकटा भाऊ, पवित्राचा बाप. जुन्या गाड्यांच्या क्लबातली मंडळी दाटीवाटीनं बसली होती. उप्पिट्टू संपून केसरीभात फिरत होता, आणि यशवंतपूरच्या त्या घरामागच्या शेडमध्ये १९३० सालची फोर्ड झेंडूच्या माळा घालून पूजेची वाट पाहत उभी होती.

"आमचे आप्पा घसा फोडून सांगायचे," गिरीराज रंगात आला होता. "हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडलाला विळखा घालू नकोस. इंजिनानं उलटी लाथ मारली, तर अंगठा सुटत नाही आणि हात जातो! पण आमची अक्का... तिनं हँडल धरलं, ते लाटणं धरावं तसं!"

"अक्का," क्लबचे सेक्रेटरी सुधींद्र डोळे पुसत म्हणाले, "तुमचा अंगठा म्हणजे आमच्या क्लबाचं मंगलाचरण हो! ते झाल्याशिवाय एक गाडी सुरू होत नाही."

कृष्णाबाईही हसल्या. त्यांनी हात पदराखाली घेतला, "अजून स्वल्प घ्या की, उरलाय पुष्कळ," असं म्हणाल्या आणि आत वळल्या.

स्वयंपाकघरात मात्र त्यांनी धुतलेल्या वाट्या उगाच पुन्हा धुवायला घेतल्या. ही गोष्ट त्यांनी आजवर हसत गिळली होती. पण आज ती गिळवेना. कारण आज हँडल पवित्रा मारणार होती.

तसा गाडीला सेल्फ होता, बटण दाबलं की इंजिन लागे. पण आयुधपूजेची पहिली सुरुवात हातानंच करायची, हा आप्पांनी घालून दिलेला शिरस्ता. एकानं आत बसायचं, एकानं बाहेर वाकायचं. बाहेरचा हँडल फिरवणार आणि आतला स्टीअरिंगखालचा ठिणगीचा लिव्हर सांभाळणार. हा लिव्हर पार वर असला तरच हँडल मारायचं. खाली राहिला, की ठिणगी वेळेआधी पडते आणि इंजिन उलटं फिरतं. दरवर्षी गॅरेजमधला कुणीतरी दणकट माणूस हँडल मारी. यंदा पवित्रानं हट्ट धरला. व्हाइटफील्डच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसून हात गंजले म्हणाली. "मीच मारणार, बाबा. आणि अत्तेसारखं नाही हं!"

अत्तेसारखं नाही...

आणि कृष्णाबाईंना सतरा वर्षांची कृष्णा आठवली.

आप्पांचा, म्हणजे वडील विठोजीरावांचा, लॉऱ्या दुरुस्तीचा कारखाना तेव्हा याच आवारात होता. कुठल्याशा कॉफीच्या मळ्यावर पडून गंजलेली ही गाडी त्यांनी सांगाडा म्हणून आणली आणि कामावरून सुटल्यावर हौसेखातर जुळवायला घेतली. त्या हौसेत त्यांची एकच सोबतीण होती, कृष्णा. ती दिवा धरी, घासलेटात बोल्ट धुई, पत्र्यावरचा गंज काचकागदानं घासून काढी. आई नुकतीच गेलेली होती. लहानग्या गिरीला बोटाला धरून ती शेडमध्ये येई आणि आप्पा तिला क्लच म्हणजे काय, ठिणगी म्हणजे काय, हे समजावत. अंगणात गाडी चार हात पुढे, चार हात मागे न्यायलाही तिला शिकवलं होतं. "येत्या दसऱ्याला स्टीअरिंग तुझ्या हाती, पोरी," ते म्हणाले होते. त्या एका वाक्यावर तिनं पावसाळा काढला होता!

तो दसरा आला. कृष्णा हँडलापाशी उभी राहिली. आत बसलेले आप्पा लिव्हर वर करून क्षणभर खाली उतरले, पान्याचा डबा घ्यायला. तेवढ्यात काविळीतून नुकताच उठलेला नऊ वर्षांचा गिरी त्यांच्या जागेवर चढला. "हँ, मार!" आप्पा शेडच्या कोपऱ्यातून ओरडले. कृष्णा वाकली. आणि वाकता वाकता काचेतून तिला दिसलं... गिरी तोंडानं भुर्र करत लिव्हर खाली ओढत होता. पण तोवर हातानं हँडल उचललंही होतं!

हँडल उलटं फिरलं आणि तिच्या मनगटावर बसलं.

"अंगठा!" आप्पा धावत आले ते ओरडतच. "अंगठा गुंडाळलास ना? किती वेळा सांगितलं होतं!" गाडीतून गिरी पांढराफटक होऊन बघत होता. आप्पांचा पट्टा त्याला माहीत होता. कृष्णालाही माहीत होता. त्या आजारानं खंगलेल्या पोराच्या पाठीवर तो पट्टा... छे! वेदनेनं डोळ्यांपुढे अंधारी येत असतानाही ती म्हणाली, "हो आप्पा, चुकलं माझं."

तिला वाटलं होतं, दोन दिवसांची बोलणी असतील. ती जन्माची निघाली.

हाडवैद्यानं बांधलेलं हाड वाकडंच जुळलं. गिअर टाकायचा हात गेला, मग गाडी कसली! "बाईमाणसाचं काम नव्हतंच हे," म्हणून आप्पांनी तिला शेडचा उंबरठा बंद केला. होसूरचं ठरत आलेलं स्थळ हात पाहून माघारी गेलं, पुढे आलेलीही गेली. तिनं गिरीला वाढवलं, त्याचं लग्न लावलं, आप्पांची शेवटची दुखणी काढली. त्या दुखण्यात एकदा पेज भरवताना आप्पांनी तेच मनगट चाचपलं आणि पुटपुटले, "अंगठा तेवढा सांभाळायला हवा होतास, पोरी..." तेव्हाही ती गप्प राहिली. जाणाऱ्या माणसाला कशाला सांगायचं!

आप्पा गेले, बंदी घालणारं कुणी उरलं नाही, तरी कृष्णाबाईंनी शेडचा उंबरठा कधी ओलांडला नाही.

"अत्ते, चल लवकर! मुहूर्त जातो आहे!"

त्या भानावर आल्या. मंडळी अंगणात फाटकापाशी जमली होती आणि गिरीराजची बायको अहल्या त्यांना कॉफी देत होती. शेडमध्ये आप्पांच्या फोटोला हार होता, चाकांखाली लिंबं मांडली होती, कोहळा फुटून कुंकू सांडलं होतं. गाडीचं दार उघडंच होतं. गिरीराज आत बसून फोनवर व्हिडिओ घेत होता. काल गाडी फिरवून आणून लावली, तेव्हापासून तिच्या आतल्या कशाला कुणी हात लावला नव्हता.

पवित्रा ओढणी कमरेला बांधून वाकली. अंगठा बोटांच्या बाजूला, अगदी नीट. "बघ अत्ते, अस्सं!"

कृष्णाबाईंची नजर तिच्या अंगठ्यावर नव्हती. उंबरठ्यावरून, उघड्या दारातून, त्यांना स्टीअरिंग दिसत होतं. स्टीअरिंगखाली लिव्हर दिसत होता.

लिव्हर पार खाली होता!

"मार!" गिरीराज फोनमध्ये बघत म्हणाला.

"गिरी! लिव्हर!"

ती किंकाळीच होती. कृष्णाबाई उंबरठा ओलांडून आत आल्या होत्या, त्यांनी पवित्राचा खांदा धरून तिला मागे खेचलं होतं. आणि गिरीराजचा हात... खाली बघण्याआधीच, चटका बसल्यासारखा लिव्हरवर गेला होता. फोन पायांशी पडला. त्याचा चेहरा नऊ वर्षांच्या पोराचा झाला होता.

"काय झालं?" पवित्रानं दोघांकडे पाहिलं. तिनं हळूच आत्याचा डावा हात हातात घेतला. मघाशी सगळ्यांसमोर धरला होता तसा नव्हे. तिनं अंगठा हलवून पाहिला, वाकवून पाहिला. "अत्ते... तुझा अंगठा तर चांगला आहे. हँडलाला विळखा घातला असतास तर आधी अंगठा मोडला असता ना? मोडलंय ते मनगट."

"एनु गिरीराजराव," अंगणातून सुधींद्र ओरडले, "गाडी निघते की आम्ही ऑटोनं जाऊ?"

आत कुणीच हसलं नाही.

"तुला माहीत होतं, अक्का?" गिरीराजनं विचारलं.

"समोर उभी होते मी. काचेतून दिसत होतास. भुर्र करत होतास."

"मग बोलली का नाहीस? एवढी वर्षं..."

"आप्पांनी तुला फोडून काढलं असतं. अंगावर मांस नव्हतं तुझ्या तेव्हा." त्यांनी पवित्राच्या हातातून हात सोडवून घेतला. "आणि तू रे? तू ती गोष्ट पंगतीत वाढत राहिलास! दरवर्षी! माझ्या देखत!"

"दरवर्षी वाटायचं, आता तू म्हणशील, खोटं आहे हे. आणि तू हसायचीस... तू हसलीस की मला वाटायचं, हिला ठाऊक नाही. सुटलो. मग पुढच्या वर्षी पुन्हा..." त्यानं कपाळ स्टीअरिंगवर टेकलं. "अक्का, अजून एक आहे. आप्पांना माहीत होतं."

"काय?"

"मला गाडीची किल्ली दिली त्या दिवशी म्हणाले, आधी लिव्हर बघ, मग मार म्हण. एकदा तू खेळलास आणि पोरीचा हात गेला, पुन्हा नको. बस्स. नंतर कधी बोलले नाहीत."

कृष्णाबाईंची नजर आप्पांच्या फोटोवर गेली. रस्त्यावरून जाणाऱ्या लॉरीचा आवाज ऐकून तिचा दोष सांगणारे आप्पा! त्यांना मुलीचा धडधाकट अंगठा दिसला नसेल? दिसला होता. सगळं दिसलं होतं! ज्या बापापासून भावाला वाचवण्यासाठी तिनं जन्म उधळला, त्या बापानं ते पाहिलं, समजून घेतलं आणि चालू दिलं... मुलगा मुलगा होता म्हणून. आणि मरतानाही तेच मनगट धरून म्हणाले, अंगठा सांभाळायला हवा होतास!

त्यांना रडू आलं नाही. ज्याच्या मायेनं रडावं, असं त्या फोटोत आता काही उरलं नव्हतं.

गिरीराज खाली उतरला. पवित्राला बाजूला करून तोच हँडलापाशी गेला. "बस आत, अक्का. तुझी जागा आहे ती."

कृष्णाबाई बसल्या. सीटचं कापड नवं होतं, वास मात्र तोच. समोर गिरीराज वाकला, दिसेनासा झाला.

"बाबा!" पवित्रा दचकून ओरडली. "अंगठा! अंगठा गुंडाळलाय तुम्ही, काढा!"

कृष्णाबाईंनी लिव्हरकडे पाहिलं. मघाशी वर गेलेला लिव्हर पुन्हा खाली होता. उतरताना त्यानंच ओढला होता.

त्यांचा वाकडा हात लिव्हरवर गेला आणि तिथंच थांबला. फक्त "मार" म्हणायचं होतं. एक शब्द! क्षणभर, अगदी क्षणभर, तो शब्द त्यांच्या जिभेवर गोड लागला. त्या क्षणाची शरम त्यांना पुढे कधीच वाटली नाही.

मग त्यांनी लिव्हर पार वर सारला.

"गिरी, अंगठा काढ. तुझं मोडलेलं मनगट घेऊन मी काय करू? एक आहे माझ्याकडे."

"अक्का, मला..."

"काढ म्हणते ना! स्वस्तात सुटू पाहतोस. हात मोडून घेशील, लोक तुलाच बघायला येतील. मला ते नको. इंजिन लागलं की आत जा. ज्या पंगतीत लाटण्याची गोष्ट सांगत आलास, त्याच पंगतीत खरी गोष्ट सांग. त्याच लोकांना. आप्पांना माहीत होतं, हेसुद्धा."

खालून एक हुंदका ऐकू आला. मग पवित्रा हलकेच म्हणाली, "काढला अंगठा."

"मार," कृष्णाबाई म्हणाल्या.

पहिल्याच फेऱ्याला इंजिन लागलं. शेडचे पत्रे थरथरले. कृष्णाबाईंनी क्लच दाबला. पाय विसरला नव्हता. गिअरच्या दांड्यावर मात्र डाव्या हाताची पकड बसेना, तशी पवित्रा दुसऱ्या बाजूनं आत येऊन बसली.

"सांग अत्ते, कुठं ढकलू?"

"तुझ्याकडे ओढ. आता मागे. सावकाश, सावकाश. सरी, जमलं."

लिंबं चिरडत गाडी उंबरठ्याबाहेर आली. अंगणात टाळ्या वाजल्या, मग स्टीअरिंगवर कोण आहे ते दिसलं आणि त्या विस्कटत थांबल्या. गिरीराज गाडीकडे न बघता पाहुण्यांमधून चालत गेला. "सगळे आत या," म्हणाला. "मघाची गोष्ट पुरी झाली नव्हती."

मंडळी आत गेली. फाटकापाशी इंजिन चालू ठेवून कृष्णाबाई बसून राहिल्या. खिडकीतून भावाचा आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. पण ती गोष्ट त्यांना पाठ होती. आता आप्पा कोपऱ्यात गेले. आता हँडल. आता लाटणं यायचं, आता हशा...

हशा पिकला नाही. दिवाणखान्यात कपही वाजला नाही.

त्या शांततेनं मनगट सरळ झालं नाही, गेलेलं स्थळ परत आलं नाही. पवित्रा मात्र तोंड फिरवून डोळे पुसत होती, आणि तिचा हात अजून गिअरच्या दांड्यावर तयार होता.

"अत्ते, आप्पाजींचा फोटो शेडमध्येच राहिला. दरवर्षी पुढच्या सीटवर ठेवून फिरवतात ना? आणू?"

कृष्णाबाईंनी लिव्हर हळूहळू खाली आणला, चालत्या इंजिनाला हवा तेवढा. धडधड निवली, इंजिन एका लयीत बोलू लागलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या सीटवर तू बसली आहेस."