उलटी लटकलेली चकती

पहिल्याच दिवशी दारात मी त्याला अडवलं. "घड्याळ, किल्ल्या, पट्टा... सगळं इथे काढून ठेवा."

"पट्टासुद्धा? आधी ओळख तर होऊ द्या."

"आत मोठं चुंबक आहे. बक्कल लोखंडाचं असेल, तर पहिली ओळख त्याच्याशीच होईल."

तो हसला — आणि माझं सगळं बिघडलं.

हासेबे त्सुकुबाहून आमच्या सेन्दाईच्या प्रयोगशाळेत महिनाभरासाठी आला होता. नजरा रोज भेटत, पण आमच्याकडे जपानात नजरांवर काही ठरत नाही. 'तुम्ही मला आवडता' असं समोर उभं राहून सांगावं लागतं. महिना संपला, तरी मला ते जमलं नव्हतं. आज संध्याकाळच्या गाडीने तो परत निघणार होता.

दुपारी शाळेतली मुलं प्रयोग बघायला आली. अतिवाहक चकती आधी गार करायची, मग चुंबकाजवळ न्यायची. ती चुंबकाला दूर ढकलते, एवढंच दाखवायचं होतं. हासेबेने चकतीवर द्रव नायट्रोजन ओतला. पण चकती ज्या फळीवर होती, तिच्याखालीच चुंबक राहिलं होतं.

"अहो, चुंबक काढायचं राहिलं," मी कुजबुजले. "लक्ष कुठे आहे?"

"आहे... एका ठिकाणी."

माझे कान तापले. मी फळी ओढून घेतली, तर चकती हवेतच. चुंबक उलटं धरलं, तरी ती खाली लटकलेली, मधे बोटभर हवा. मुलं बाकांवर चढली.

"ताई, ती पडत का नाही?"

"गार होताना चुंबक जवळ होतं ना," हासेबे म्हणाला, "त्याचं क्षेत्र चकतीत शिरलं होतं. ती गार झाली आणि ते तिच्यातल्या बारीक बारीक दोषांत अडकून बसलं. आता चुंबक जवळ आणलं तर ती ढकलेल, लांब नेलं तर ओढेल."

"आणि तापली की?" एका मुलाने विचारलं.

"सोडून देईल. थोडाच वेळ उरलाय."

थोडाच वेळ... मी चुंबक तसंच धरून त्याच्याकडे वळले.

"हासेबेसान, तुम्ही मला आवडता. माझ्याशी जोडी जमवाल?"

चकती खण्णकन टेबलावर पडली. एकाही मुलाने तिकडे पाहिलं नाही.

"हे वाक्य माझं होतं," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून घोकतोय. त्या नादातच चुंबक विसरलो."

"मग उत्तर द्या."

"त्सुकुबा लांब आहे..."

"गाड्या आहेत की."

"ताई," मागून एक मुलगी म्हणाली, "ते हो म्हणाले का?"

"हो," हासेबे म्हणाला — माझ्याकडे बघत.