पाणी पिणारा

वीज गेली आहे, छपाईयंत्र थंड पडलंय, आणि अंक काही पहाटेच्या आत निघत नाही. तेव्हा बसा. दादासो, कंदील जरा मोठा कर. मघाशी तू म्हणालास, की पंचवीस वर्षांत मी एकही बातमी घरी ठेवली नसेल. एक ठेवलीय. मला धमकी कुणी दिली नव्हती. दिली असती तर दुसऱ्याच दिवशी छापली असती.

हंबीरराव माझा सांगलीतला कॉलेजचा सोबती. पुढं रहिमतपूरला चित्रकलेचा मास्तर झाला. सांगलीत हळदीच्या पेठेमागं, नदीच्या अंगाला, एका निपुत्रिक व्यापाऱ्यानं उभारलेलं कलासंग्रहालय होतं. रविवारी आम्ही पोरं कृष्णेत डुंबायला जायचो आणि हा तिथं जाऊन बसायचा. म्हणायचा, "देवळात गेलं की मागणं, घरी गेलं की मागणं. हितं कुणी कुणाकडं काय मागत न्हाई बघ."

तिथल्या पुतळ्यांत एक होता 'पाणी पिणारा'. नदीकाठी उकिडवा बसलेला तरुण, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी आणलेली, डोळे मिटलेले. प्लास्टरचा, पण वर तेलरंगाचे दाट हात दिलेले. शिल्पकाराला कसलेलं अंग हवं होतं, म्हणून हंबीररावनंच कराडजवळच्या मलकापूरच्या तालमीतला गुंडा नावाचा पैलवान नेऊन बसवला होता. पुतळा झाल्यावर हंबीररावची धाकटी बहीण राहीबाई बघायला आली. बराच वेळ बघून म्हणाली, "दादा, ह्येचं पाणी कवा सरायचं रं?" वर्षाच्या आत त्याच गुंडाशी तिचं लग्न झालं.

चाळीस साली गुंडा पलटणीत गेला. बेचाळीसच्या जूनमध्ये लिबियाच्या वाळवंटात त्यांची तुकडी शत्रूनं घेरली आणि घरी तार आली. बेपत्ता. तीन वर्षं हा एकच शब्द. मी स्वतः कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. जिवंत आहे का? सांगता येत नाही. मेला का? सांगता येत नाही. पलटणीसाठी पोरं न्यायला हेच लोक बाजारात बँड वाजवत आले होते, तेव्हा सगळं सांगता येत होतं.

पंचेचाळीसच्या मे महिन्यात युरोपातली लढाई थांबली. कैदेतली आपली पोरं सुटून येणार, ही बातमी मीच दिली. राहीबाईनं ती कुणाकडून तरी वाचून घेतली, पुन्हा पुन्हा. पण तिचा सासरा नाथाजी थकला होता. तो म्हणाला, पोरगं गेलं असंल तर तहानलेलं फिरत असंल, या आखितीला त्याच्या नावानं मडकं भरू. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याचं मडकं आपण फक्त मेलेल्यांच्या नावानं भरतो. नाथाजीनं मडकं भरलं, की राहीबाईचं कुंकू पुसलं.

आखिती सोमवारी होती, चौदा मेला. मी सांगतोय ती रात्र आदल्या रविवारची.

हंबीरराव त्या दिवशी साध्याच कामाला निघाला होता. पाच-सहा वर्षांनी संग्रहालय पुन्हा बघायचं आणि शाळेसाठी दोन चित्रांची रेखाटनं करून आणायची. गाडी कराडला थांबली, तर फलाटावर राहीबाई. काखेत कोरं मडकं. सासऱ्यानं आणलेलं मडकंच उचलून आली होती, म्हणजे सकाळी कुणाला भरता येऊ नये. "त्येचं त्वांड बघायचंय," एवढंच म्हणाली. घरात गुंडाचा एकही फोटो नव्हता.

गाडी रखडली. मिरजेहून टांगा करून पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. राखणदार इलाहीनं हंबीररावला ओळखलं. "या मास्तर. चित्रं इचारत हुती तुमाला," म्हणून हसला आणि कुलूप काढून कंदील हातात दिला.

हंबीररावला आत बरं वाटलं नाही. दालनं लहान झाल्यासारखी वाटली. त्याच्या लाडक्या निसर्गचित्रावर ओल चढली होती. लढाईच्या वर्षांत तिकडं कुणी फिरकलंच नव्हतं. तो चित्रापुढं उभा होता, तेवढ्यात राहीबाई नदीवर जाऊन आली. मडकं भरलेलं.

"दादा, म्या त्येच्या वंजळीत पाणी वतणार हाय. जिता असंल तर पाणी तसंच ऱ्हाईल. मेला असंल तर पिईल."

हंबीरराव शहाणा माणूस. त्याला ठाऊक होतं, नुसतं प्लास्टर पाणी शोषतं, पण यावर तेलरंग आहे. इलाही तो पुतळा दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायचा, थेंब आत जात नव्हता. म्हणजे पाणी राहणारच. बहिणीला तेवढाच धीर. त्यानं मनाशी ठरवलं आणि म्हणाला, "वत."

इलाही बाहेर पायरीवर बिडी ओढत बसला होता. तिनं ओंजळ काठोकाठ भरली. कंदिलाचा उजेड पाण्यात हलला. मग स्थिर झाला. दोघं बघत राहिली. पाणी तसंच. राहीबाई हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा. भावाचा हात धरून म्हणाली, "जिता हाय."

हंबीरराव म्हणाला, चल आता. दोघं वळली.

मागं आवाज झाला.

घोट घेतल्याचा.

...ओंजळ रिकामी होती. हंबीररावनं खाली कंदील धरला. फरशी कोरडी. पुतळ्याचे गुडघे कोरडे. तो काहीतरी बोलला, भेग असंल, रंग उडाला असंल. तिनं ऐकलं नाही. पुन्हा ओतलं.

या वेळी दोघांच्या डोळ्यांदेखत खाली गेलं.

"पिऊ नगंस," ती म्हणाली.

पुन्हा ओतलं. गेलं.

"आवं, पिऊ नगा..." नवऱ्याशी बोलावं तशीच बोलत होती. "येवढं ठिवा. येक घोट ठिवा हातात. तुमच्या पाया पडते..."

ओतलं. गेलं. घोटामागं घोट. घाईघाईनं... जसं कुणी हिसकून घेईल.

मडकं सरलं. दालनात काही हललं नाही. हंबीरराव सांगायचा, ती शांतता त्याला सर्वांत वाईट वाटली. कारण त्या शांततेत कुणीतरी श्वास धरून होतं. वाट बघत...

तो बहिणीला ओढायला लागला. तिनं हात सोडवला. रडायची थांबली होती. रिकामं मडकं काखेला लावलं.

"सोड दादा. लय तहान लागलीया त्येस्नी."

एकटी अंधारात नदीवर गेली. मडकं भरून आणलं. आणि त्या ओंजळीत ओतत राहिली. या वेळी काही मागितलं नाही. "सावकाश," एवढंच म्हणत होती. "सावकाश प्या. हाय अजून."

दुसरं मडकं अर्ध्यावर आलं आणि पाणी हातात थांबलं.

मडक्यात उरलेल्या पाण्यात तिनं पदराचं टोक भिजवलं आणि आपलं कपाळ आपणच पुसलं.

दिवाळीनंतर सरकारी कागद आला. गुंडा बेचाळीसच्या जूनमध्येच गेला होता. कशानं, ते लिहिलं नव्हतं. मी विचारायला गेलो. साहेब म्हणाला, सांगता येत नाही. त्या दिवशी मी त्या कचेरीत जे बोललो, ते तुमच्यासारख्या पोरांपुढं बोलण्यासारखं नाही.

पण आखितीच्या सकाळचं राहिलं. दोघं भावंडं रात्रभर पायरीवर बसून होती. उजाडल्यावर इलाही झाडलोट करायला आत गेला आणि त्यानं मास्तरांना हाक मारली. ओंजळ पाण्यानं तशीच काठोकाठ भरलेली होती. तळाला काहीतरी दिसत होतं. हंबीररावनं बोटं बुडवून चिमूटभर वर काढलं, कागदात बांधलं आणि पुढं मला आणून दिलं. ही बघा बाटली. वाळू आहे. कृष्णेची नाही, कृष्णेची काळसर असते. ही पिवळी आहे, पिठासारखी.

पण हंबीरराव तिच्या रंगाबद्दल कधी बोलला नाही. तो एकच सांगायचा. पाण्यातून काढली, तेव्हाही ती कोरडी होती.